गाण्यातला शब्द ऐकू आला पाहिजे! घरीच बनवा उघड्या फळीचा स्पीकर

14 एप्रिल जवळ आला की कन्नड तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांत भीमगीते वाजू लागतात. ठेका छातीवर आदळतो, घराचे पत्रे थरथरतात. पण शाहिराने नेमके काय सांगितले ते ओट्यावर बसलेल्या आजीला कळत नाही. वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव फिरून गायले ते काही नुसत्या ठेक्यासाठी नव्हे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्यासाठी गाणे हीच शाळा होती. आणि शाळेत गुरुजींचा शब्दच ऐकू आला नाही, तर लेकरू शिकणार काय?

वाचकहो, म्हणूनच आज एक स्वस्तातला, आपल्या हातांनी होणारा उद्योग सांगत आहोत. एक फळी, एक जुना स्पीकर आणि सुट्टीचे दोन दिवस एवढेच भांडवल.

माठातला आवाज

कॅसेटच्या जमान्यात आपल्याकडे कितीतरी घरांत मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवला जाई. आवाज भारदस्त वाटे. पण माठाच्या पोटातली हवा आपल्याच एका सुरात घुमते आणि तो सूर प्रत्येक गाण्यात मिसळते. पातळ प्लायच्या स्वस्त खोक्याचेही तेच. त्याच्या भिंती थरथरतात आणि गायकाच्या आवाजावर खोक्याचा आवाज चढतो.

खोकेच काढून टाकले तर? मग राहते ती उघडी फळी. ही युक्ती नवी नाही. 1925 साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी तारेची गुंडाळी व लोहचुंबक यांवर चालणारा स्पीकर जगापुढे मांडला; आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. आजोबांच्या लाकडी रेडिओची पाठ आठवा. तिला भोके पाडलेला पुठ्ठा असे. म्हणजे तो रेडिओ अर्धा उघड्या फळीचाच होता!

फळी कशासाठी?

स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. स्पीकर नुसता हातात धरून वाजवला तर चिरका वाटतो तो यामुळेच. फळी या दोन आवाजांमधली वाट लांब करते.

थोडा हिशेब करू. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सेकंदाला 100 कंपनांच्या जाड सुराची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तर 3000 कंपनांच्या सुराची जेमतेम 11 सेंटिमीटर. दोन फुटी फळी बारीक लाटेला सहज अडवते, पण लांब लाट तिला वळसा घालून जाते. अशा फळीवर अंदाजे 300 कंपनांच्या खाली आवाज हळूहळू क्षीण होतो. म्हणजे ढोलाचा दणका कमी होणार, हे आधीच मान्य करावे. पण क, च, ट, स हे वर्ण वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः 1000 ते 4000 कंपनांच्या पट्ट्यात. तिथे उघडी फळी मोकळी बोलते.

साहित्य आणि सुतारकाम

18 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, रुंदी 2 फूट, उंची 3 फूट. जुन्या कपाटाचे जाड, सपाट दारही चालेल. भंगारातल्या रेडिओ-टेपचा 8 इंची, हलक्या कागदी पडद्याचा स्पीकर शोधा. फार मोठ्या चुंबकाचा, रबरी कडेचा वूफर घेऊ नका. तो बंद खोक्यासाठी असतो आणि फळीवर त्याचा जाड सूर आणखी पातळ पडतो. लहान चुंबकाचा साधा स्पीकरच इथे उजवा ठरतो.

स्पीकर फळीच्या मधोमध बसवू नका. सगळ्या कडा सारख्या अंतरावर आल्या, तर सगळीकडून एकच सूर मारला जातो. एका कडेपासून 24 आणि दुसऱ्या कडेपासून 36 सेंटिमीटरवर मध्य घ्या. भोक हातातल्या स्पीकरवरून मापूनच कापा. भोकाची मागची धार कानशीने तिरकी करा, म्हणजे मागचा आवाज कोंडणार नाही. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी घालून स्क्रू सारखे आवळा. फळी उभी राहावी म्हणून मागून दोन त्रिकोणी आधार द्या.

जोडणीपूर्वी दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर लावा. पडदा पुढे उडाला तर सेलच्या धन टोकाची तार ही स्पीकरची धन तार. दोन फळ्या असतील तर दोन्हींची जोडणी एकसारखी हवी. एक उलटी झाली तर उरलासुरला जाड सूरही जातो. 10–15 वॅटचा तयार अँप्लिफायर पुरतो. स्पीकरवर किती ओहम लिहिले आहे ते अँप्लिफायरशी जुळवा. विजेच्या 230 व्होल्टच्या भागाला मुलांना हात लावू देऊ नका.

कान हेच मोजमाप

फळी मागच्या भिंतीपासून किमान 3 फूट पुढे ठेवा. भिंतीला चिकटवली तर मागचा आवाज लगेच परततो आणि शब्द गढूळ होतात. मागची भिंत उघडी असेल तर तिथे गोधडी टांगा. वेरूळच्या दहाव्या लेणीत, चैत्यगृहात, आवाज दगडी कमानीखाली घुमत राहतो. वंदनेला ते घुमणे शोभते, पण गाण्याचा अर्थ कळायला खोली शांत हवी.

आता परीक्षा. ओळखीचे नसलेले एखादे भाषण किंवा गीत लावा. घरातल्या एकाने डोळे मिटून ऐकावे आणि ऐकलेले शब्द मोठ्याने सांगावेत; दुसऱ्याने चुका मोजाव्यात. फळी वीतभर पुढे-मागे करा, थोडी तिरकी करा, पुन्हा मोजा. चुका सर्वांत कमी होतील ती जागा खरी. ‘स’ बोथट वाटला तर छोटा 8 ओहमचा ट्वीटर 4.7 मायक्रोफॅरडच्या नॉन-पोलर कपॅसिटरमधून जोडा. साधारण 4200 कंपनांच्या वरचे सूर त्याच्याकडे जातील. बासचे बटण मात्र फार पिळू नका. मागे खोक्यातल्या हवेचा आधार नसल्याने पडदा जास्त धावतो आणि फाटतो.

या फळीचा आणखी एक गुण आपल्या दाटीच्या वस्तीला उपयोगी आहे. तिच्या कडेच्या दिशेला पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतो, म्हणून तिकडे आवाज कमी जातो. फळीची कड शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीकडे करा. त्या भिंतीपलीकडे कुणाची तरी मुलगी दहावीचा अभ्यास करीत असेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण नियम नसता तरी त्या मुलीचा अभ्यास आपलाच नाही का?

फळी तयार झाली की पहिले गाणे आजीच्या आवडीचे लावा. आवाज बेताचाच ठेवा. गाणे संपल्यावर त्यातली एक ओळ तिला म्हणायला सांगा. तिने ती न अडखळता म्हटली, तर तुमचा स्पीकर पास झाला.