देवाचे मांस : मेक्सिकोतील एका भूछत्राचा शोध

सोळाव्या शतकात मेक्सिकोमध्ये राहून तेथील नाहुआ लोकांची भाषा, धर्म व चालीरीती यांचा प्रचंड वृत्तान्त सिद्ध करणारा बेर्नार्दिनो दे साहागून हा स्पॅनिश धर्मोपदेशक एका चमत्कारिक मेजवानीचे वर्णन करतो. जमलेली मंडळी पहाटेपूर्वी लहान, काळसर भूछत्रे मधाबरोबर खात. काही वेळाने कोणी नाचू लागे, कोणी रडे, कोणी नुसता स्वस्थ बसून राही. कोणाला आपले मरण डोळ्यांपुढे दिसे. अंमल उतरला म्हणजे ज्याने जे पाहिले ते तो इतरांना सांगे. या भूछत्राचे नाव 'तेओनानाकात्ल'. जुन्या स्पॅनिश लेखकांनी त्याचा अर्थ 'देवाचे मांस' असा लावला आणि तोच पुढे रूढ झाला. नव्या राज्यकर्त्यांनी व धर्मपीठाने हा सारा आचार सैतानी ठरवून दडपला. तो डोंगराळ खेड्यांत, रात्रीच्या अंधारात, बंद दाराआड मात्र टिकून राहिला.

बाहेरच्या जगाला त्याचा इतका विसर पडला की, १९१५ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने असे काही भूछत्र अस्तित्वातच नसल्याचे जाहीर केले. पेयोटे नावाचे एक बिनकाट्याचे निवडुंग मेक्सिकोत होते व तेही गुंगी आणते. त्याची सुकलेली चकती भूछत्राच्या टोपीसारखी दिसते. म्हणून साहागूनची व त्याला माहिती देणाऱ्यांची फसगत झाली असावी, असा सॅफर्डचा तर्क होता. तर्क वरवर पाहता सुसंगत दिसतो. परंतु ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रानातील वनस्पती वेचून पोट भरले व औषधे केली, त्यांना निवडुंग आणि भूछत्र यांतील भेद कळत नव्हता, असे त्यात गृहीत धरलेले होते. विद्वानांनी ते बराच काळ मान्य केले, हे आज नवलाचे वाटते.

विरोध केला तो मेक्सिकोत स्थायिक झालेल्या ब्लास पाब्लो रेको या वैद्याने. भूछत्रे खरी आहेत आणि ती आजही खाल्ली जातात, असे तो आग्रहाने सांगत राहिला. १९३६ साली रॉबर्ट वाइटलानर यांना ओआहाका प्रांतातील हुआउत्ला दे हिमेनेस या गावी काही नमुने मिळाले. हे मासातेक लोकांचे गाव. दोन वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठाचा रिचर्ड शुल्टेस हा तरुण अभ्यासक रेकोबरोबर तेथे पोहोचला आणि १९३९ साली त्याने तेओनानाकात्ल म्हणजे कोणते भूछत्र, हे आपल्या लेखात जाहीर केले.

तथापि प्रश्न येथेच मिटला नाही. शुल्टेसने आणलेले नमुने पुढे पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांत एकाहून अधिक जाती असल्याचे आढळले. त्याने लेखात एकच जात सांगितली होती. यात त्याचा दोष फारसा नाही. जमिनीवर दिसणारी छत्री म्हणजे कवकाचा केवळ फळासारखा भाग होय. त्याचा खरा देह म्हणजे माती, शेण वा कुजक्या लाकडात पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. छत्री दोन-चार दिवसांत उगवते, रंग व आकार बदलते आणि सडून जाते. सुकल्यावर तर अनेक जाती एकमेकींसारख्याच तपकिरी दिसतात. म्हणून अभ्यासक टोपी कागदावर पालथी ठेवून गळणाऱ्या बीजाणूंचा रंग पाहतो, त्यांचे आकारमान सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो आणि मगच नाव देतो. त्यानंतरही दोन तज्ज्ञांचा मतभेद होऊ शकतो.

जेथे तज्ज्ञ अडखळतात तेथे हौशी माणसाचे काय होते, याचा दाखला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मिळतो. १९८१ साली तेथील तीन किशोरवयीन मुलांनी गुंगी आणणारी समजून दुसरीच लहान तपकिरी भूछत्रे खाल्ली. ती गॅलेरिना वंशाची होती. या वंशातील काही जातींत यकृताचा नाश करणारे विष असते. त्या तिघांपैकी एकाचा मृत्यू झाला. या विषाची कपटी गोष्ट अशी की, बहुधा सहा तास ते एक दिवस काहीच जाणवत नाही. मग ओकाऱ्या व जुलाब होतात, ते थांबून रोग्याला बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. शिजवल्याने वा वाळवल्याने हे विष जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते, किडा लागलेले भूछत्र निर्धोक असते, अशा ज्या परीक्षा लोक सांगतात, त्यांपैकी एकही विश्वासार्ह नाही. रानातले भूछत्र खाल्ल्यानंतर शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठावे. पुढे सांगावयाचे द्रव्य तर भारतात १९८५ च्या मादक द्रव्यविषयक कायद्याने निषिद्ध आहे.

आता पुन्हा हुआउत्लाकडे वळू. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेत अधिकारी असलेले गॉर्डन वॅसन आणि त्यांच्या रशियात जन्मलेल्या डॉक्टर पत्नी वालेंतिना यांना भूछत्रांविषयीच्या लोकसमजुतींचा छंद होता. शुल्टेसच्या लेखाचा सुगावा त्यांना १९५२ साली इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांच्याकडून लागला. १९५५ च्या जून महिन्याच्या अखेरीस एका रात्री मारिया साबिना या मासातेक वैदू स्त्रीने वॅसन यांना आपल्या विधीत सामील करून घेतले. रोग्याच्या दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी हा विधी असे. भूछत्रांना ती 'पवित्र लेकरे' म्हणे आणि रात्रभर गाऊन उपचार करी. मे १९५७ मध्ये 'लाइफ' या खपाच्या साप्ताहिकात वॅसन यांचा सचित्र लेख आला. त्यात तिचे नाव बदललेले होते, पण छायाचित्रे तिचीच होती.

शास्त्रीय काम मात्र नेटके झाले. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक रॉजे एम यांनी वॅसन यांच्यासह तेथे जाऊन जातींची नावे निश्चित केली व काहींची प्रयोगशाळेत लागवड केली. १९५६ च्या प्रवासात एक अमेरिकन रसायनज्ञही होता. त्याच्यामागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. त्याला द्रव्य वेगळे करता आले नाही. ते बाझल येथील सॅन्डोझ कारखान्याच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट होफमान यांनी १९५८ मध्ये केले. प्राण्यांवरील चाचण्यांत स्पष्ट काही दिसेना. तेव्हा होफमान व त्यांचे सहकारी स्वतःच अर्क घेऊन कोणत्या अंशात गुण आहे ते ठरवीत. हाती आलेल्या पांढऱ्या स्फटिकांना त्यांनी 'सिलोसायबिन' हे नाव दिले. शरीरात त्यातील फॉस्फेटचा भाग सुटून सिलोसिन बनते. मेंदूतील सेरोटोनिन या निरोपद्रव्याशी त्याच्या रचनेचे जवळचे साम्य आहे, आणि त्यामुळे ते सेरोटोनिनच्याच ग्राहकांना जाऊन बिलगते.

१९६२ साली होफमान स्वतः हुआउत्लाला गेले आणि कारखान्यात बनवलेल्या सिलोसायबिनच्या गोळ्या त्यांनी मारिया साबिनाला दिल्या. रात्रभराच्या विधीनंतर तिने सांगितले की गोळीत आणि भूछत्रात तिला फरक दिसत नाही. होफमान यांना यातून आपल्या कामाची जी पावती मिळाली, तशी क्वचितच एखाद्या रसायनज्ञाला मिळाली असेल.

वॅसन यांचे पुढील संशोधन भारताशी निगडित आहे. वेदातील सोम म्हणजे लाल टोपीचे अमॅनिटा मस्कारिया हे भूछत्र होय, असा सिद्धान्त त्यांनी १९६८ मध्ये मांडला. संस्कृत पंडितांपैकी पुष्कळांना तो पटला नाही. त्या भूछत्रात सिलोसायबिन नसून निराळेच विष असते.

इकडे 'लाइफ'मधील लेख वाचून हुआउत्लाची वाट शोधत परदेशी तरुणांचे थवे येऊ लागले. त्यांच्यापैकी बहुतेकांना आजार नव्हता; त्यांना देव पाहावयाचा होता, किंवा नुसती मौज करावयाची होती. पोलीस आले, पुढे सैन्यानेही गावाचा रस्ता अडविला. गावकऱ्यांनी या साऱ्याचा ठपका मारिया साबिनावर ठेवला. तिचे घर जाळण्यात आले. परके आल्यापासून लेकरांची शक्ती ओसरली, ती आता पूर्वीसारखी बोलत नाहीत, असे ती उतारवयात सांगे. आपल्या लेखामुळे काय घडले, याची खंत वॅसन यांनीही नंतर व्यक्त केली.

१९८५ साली ती वारली, तेव्हाही ती गरीबच होती. सिलोसायबिनवरचे वैद्यकीय संशोधन अनेक वर्षे जवळजवळ बंद पडले होते. एकविसाव्या शतकात ते पुन्हा सुरू झाले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर काटेकोर देखरेखीखाली ते देण्याची मुभा ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मनोविकारतज्ज्ञांना दिली आहे. त्या उपचारातही रोग्याला एकटे सोडत नाहीत. शिकवून तयार केलेली माणसे तासन्‌तास त्याच्याजवळ बसून असतात. हुआउत्लाच्या झोपडीत मारिया साबिना रात्रभर हेच करीत असे.