रस्सा हाडांचा, खर्च बेताचा



घरात कुणाचा हात-पाय मोडला, बाळंतीण घरी आली किंवा म्हातारं माणूस तापातून उठलं, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : "पायाचं सूप द्या." सल्ला वाईट नाही. पण त्यापायी होणारा खर्च आणि त्याबद्दलचा एक मोठा गैरसमज, या दोन गोष्टींवर चार शब्द लिहिणे आम्हांस जरुरीचे वाटते.

आमच्या पाहण्यातले एक घर आहे. उसाच्या ट्रॉलीवरून पडून घरच्या कर्त्या माणसाचा पाय मोडला. दीड महिना रोज अर्धा किलो मटण आणले. रश्शाचे पाणी तेवढे आजाऱ्याला आणि फोडी बाकीच्यांना! दुकानाची उधारी शेवटी उसाच्या बिलातून भागवावी लागली. हाडांचे पाणीच द्यायचे होते, तर ते किलोभर मटणाच्या भावात घेण्याची गरज नव्हती.

माळकरी सभासदांनी मधला मजकूर सोडावा, पण कॅल्शियमचा भाग जरूर वाचावा.

कोणती हाडे मागावीत ?

कारखान्यात आपण उसाचे नुसते वजन पाहत नाही, उतारा पाहतो. रश्शाचेही तसेच आहे. उतारा मांसात नसून सांध्यात, कातडीत आणि कुर्चेत आहे. कुर्चा म्हणजे हाडाच्या टोकाला असते ती पांढरी, चिवट, कुरकुरीत वस्तू. म्हणून बकऱ्याचे किंवा मेंढीचे पाये सर्वांत उत्तम. त्यानंतर गुडघ्याचे सांधे, मान आणि पाठीचे मणके. नळी चवीला छान लागते, पण तिच्यातला गर म्हणजे मुख्यतः चरबी. नुसत्या नळ्यांचा रस्सा तेलकट होतो, दाट होत नाही.

याहून स्वस्त म्हणजे कोंबडीचे पाय. पुष्कळ दुकानांत ते वेगळे टाकलेले असतात आणि मागितले तर अगदी कमी पैशांत मिळतात. गरम पाण्यात मिनिटभर बुडवून वरची पिवळी साल ओढून काढावी, नखे छाटावीत. दाटपणात हा रस्सा पायाच्या रश्शाला हार जात नाही.

कुठे आणि कधी मिळतील ?

ज्या दुकानात खिमा जास्त खपतो तिथे हाडे शिल्लक राहतात. तालुक्याच्या गावी बिनहाडाचे चिकन विकणारी दुकाने आहेत, त्यांच्याकडे कोंबडीचे सांगाडे उरतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आपल्याकडचे खाण्याचे वार. त्या दिवशी सकाळच्या गर्दीत हाडे मागाल तर दुकानदार लक्ष देणार नाही. गर्दी ओसरल्यावर जावे, किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवावे : "दादा, उद्याची मान आणि सांधे मला ठेवा." आखाडात मागणी फार असते, श्रावणात पुष्कळ दुकाने बंदच असतात, तेही ध्यानात ठेवावे.

गावात बकरे कापून वाटे घालतात, तेव्हा मुंडी आणि पाये बहुधा वेगळे काढलेले असतात. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने ते आधी बोलून ठेवावेत. चार घरांनी मिळून ठरवले तर पाळीपाळीने मिळतील. सहकार काय कारखान्यातच करायचा असतो असे नाही.

घेताना वास पाहावा. हाताला बुळबुळीत लागणारी किंवा हिरवट पडलेली हाडे फुकट दिली तरी आणू नयेत. पाये भाजून, खरवडून देणारा दुकानदार असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. घरी तेच काम करायला अर्धा दिवस जातो.

शिजवावे कसे ?

हाडे धुऊन गार पाण्यात घालावीत, एक उकळी आणून ते पाणी टाकून द्यावे. वास आणि फेस त्याबरोबर जातो. मग किलोभर हाडांना तीन लिटर पाणी, एक कांदा, आले, लसूण, हळद आणि चार मिरी घालावीत. पाये असतील तर कुकरात पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर पाऊण तास, कोंबडीच्या पायांना अर्धा तास पुरे. चुलीवर पायांना चार-पाच तास लागतात. मीठ शेवटी घालावे. तिखट घालू नये. ही आपली अळणीच झाली.

गिरणीत चिपाडावर पाणी मारून पुन्हा पिळतात ना ? तसे त्याच हाडांवर निम्मे पाणी घालून दुसऱ्यांदा शिजवावे. हे पाणी पातळ निघते, पण आमटीला किंवा भात शिजवायला उत्तम.

रस्सा गार झाला की वरची चरबी काढून टाकावी. रात्रभर बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. देताना मात्र खळखळून उकळावा.

त्यातून काय मिळते, काय मिळत नाही ?

गार रस्सा खरवसासारखा थलथलीत झाला तर समजावे की उतारा चांगला आला. हे जिलेटिन. सुताराचा सरस त्याच जातीचा. जिलेटिन हे प्रथिन आहे, पण अपुरे. शरीराला लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा घटक त्यात नसतो. म्हणून नुसत्या रश्शावर आजाऱ्याला ठेवू नये.

आता गैरसमजाकडे येऊ. "हाडाचं पाणी प्यालं की हाड जुळतं," असे म्हणतात. हाडात कॅल्शियम भरपूर असते हे खरे, पण ते पाण्यात फारच थोडे उतरते. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधात ते 240 मिलिग्रॅमच्या आसपास असते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. वाटीभर रस्सा याच्या जवळपासही येत नाही.

मग रस्सा द्यायचाच नाही काय ? जरूर द्यावा. तोंडाला चव येते, भूक लागते, पोटात गरम पाणी जाते. पण हाड जुळायला दूध, नाचणीची भाकरी, अंडी, डाळ आणि अंगावर ऊन हवे. मटणावरचे वाचलेले पैसे तिकडे लावावेत. घरात मटण आणलेच तर फोडी आधी आजाऱ्याच्या ताटात वाढाव्यात. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा युरिक अॅसिडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच रस्सा घ्यावा.

उरलेल्या हाडांचे काय ?

कोंबडीची शिजलेली हाडे कुत्र्याला घालू नयेत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि घशात अडकतात. हाडे वाळवून, कुटून शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरावीत. पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हाडांतला स्फुरद पिकाला लवकर लागू होत नाही. तेव्हा त्या भरवशावर उसाची सुपर फॉस्फेटची मात्रा कमी करू नये.

येत्या बुधवारी बाजाराला जाल तेव्हा मटणाच्या रांगेत उभे राहण्याआधी पायांचा आणि सांध्यांचा भाव विचारून पाहा. रस्सा करून पाहिल्यावर किती वाट्या झाल्या आणि वाटीमागे काय खर्च आला, हेही घरच्या बाईमाणसाला विचारा. तो हिशेब आम्हांला कळवलात तर पुढील अंकात छापू.