चुकलेल्या प्रश्नांची खतावणी

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर असो वा दुसरे एखादे बाजाराचे गाव, व्यापारी घरातील मूल वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया किंवा जॉर्जियास जाते तेव्हा घरची पुंजी त्यात गुंतलेली असते. परतल्यावर केवळ पदवी पुरत नाही. एफएमजीई ही छाननी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज येथे वैद्यक व्यवसायाची नोंदणी मिळत नाही. प्रश्न ३००, दोन भाग, प्रत्येक भागास १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यास १५० गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

या काळात घरातून रोज विचारणा होते, ‘आज किती प्रश्न सोडविलेस?’ विचारणा मायेची, पण तिच्यामुळे मूल संख्येच्या मागे लागते. दोनशे प्रश्न उरकले, उत्तरे ताडली, की दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आपल्या मुलांचा अभ्यास बहुधा पृच्छनेपाशीच थांबतो; चिंतनाला वेळच उरत नाही.

रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. म्हणून स्पष्टीकरण झाकून आधी उत्तर ठरवावे, मग कारण शोधावे.

एक उदाहरण घेऊ. तरुण स्त्रीस सौम्य रक्तक्षय आहे. तांबड्या पेशी लहान, फेरिटिन सामान्य, हिमोग्लोबिन ए-टू वाढलेले. उत्तर थॅलेसेमिया मायनर. ते बरोबर आले तरी तेथे थांबावे. लोहाची कमतरता हा पर्याय योग्य ठरण्यासाठी प्रश्नात काय बदलावे लागले असते? फेरिटिन कमी. आणि दीर्घ आजारातील रक्तक्षय असता तर? फेरिटिन सामान्य किंवा वाढलेले, पण ए-टू वाढत नाही. एका प्रश्नात तीन प्रश्नांचा अभ्यास होतो.

चुकांची नोंद कशी ठेवावी हे आपल्या घरांत निराळे शिकवावे लागू नये. रोजकीर्दीत व्यवहार क्रमाने येतात, खतावणीत ते आपापल्या खात्यावर जातात. चुकलेल्या प्रश्नाचेही तसेच करावे : विषयच ठाऊक नव्हता, दोन पर्यायांत घोळ झाला, प्रश्नातील ‘वगळता’ हा शब्द नजरेतून सुटला, अंदाजाने बरोबर आले. हे शेवटचे खाते बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि खरी तूट तेथेच लपलेली असते. पहिल्या खात्याला ग्रंथ उघडणे हाच उपाय. तिसऱ्याला कितीही वाचन केले तरी उपयोग नाही, तेथे प्रश्न सावकाश वाचण्याची सवयच हवी.

खात्यावरचे प्रश्न तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा सोडवावेत. घरच्यांना संध्याकाळी विचारायचेच असेल, तर ‘आज चुकलेला एक प्रश्न आम्हाला समजावून सांग’ असे म्हणावे. गादीवर बसलेल्या आजोबांना कळेल असे सांगता आले नाही, तर तो प्रश्न उद्याच्या पानावर ओढावा.