वीस रुपयांत तेवीस चौरस मीटर

पार्किंग नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, हे राजधानीतील व्यापाऱ्यांचे ठरलेले उत्तर आहे. २०१७ च्या जानेवारीत केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने कॅनॉट प्लेसची आतील व मधली वर्तुळे तीन महिने वाहनमुक्त करण्याचा प्रयोग जाहीर केला, तेव्हाही तेच ऐकू आले. प्रयोग सुरू होण्याआधीच बारगळला. ज्या बाजारपेठेच्या पोटात राजीव चौकासारखे गजबजलेले मेट्रो स्थानक आहे, तिचा ग्राहक मोटारीतूनच येतो, हे गृहीतक तपासण्याची संधी हुकली. (दुकाने उघडताना तेथे लागलेल्या अनेक मोटारी दिवेलागणीपर्यंत जागच्या हलत नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे. त्या ग्राहकांच्या असतील, असे मानणे मला कठीण जाते.)

दिल्लीच्या बृहत् आराखड्यात उघड्यावर एक मोटार उभी करण्यासाठी २३ चौरस मीटर जागा धरली आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकातील कुटुंबाच्या घराची कमाल मर्यादा ३० चौरस मीटर होती. कॅनॉट प्लेसमध्ये मोटारीसाठी ही जागा ताशी वीस रुपयांना मिळत आली आहे; शहराच्या बहुतेक गल्ल्यांत तर फुकटच. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील सुमारे २१ टक्के कुटुंबांकडेच मोटार होती. पार्किंगचे शुल्क जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच म्हटले होते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीने पार्किंगचे नियम अधिसूचित केले आणि प्रत्येक परिसराचा पार्किंग आराखडा करण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. पदपथ गाड्यांनी व्यापले, की पायी चालणारा वाहनांच्या गर्दीत उतरतो. दिल्लीत रस्ते अपघातांत दगावणाऱ्या दर दहा जणांत सुमारे चार पादचारी असतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले, ते याच वास्तवाकडे पाहून.

राजधानीला हे जमतच नाही, असे म्हणता येणार नाही. शहाजहानची कन्या जहाँआरा हिने आखलेल्या चांदनी चौकात २००६-०७ च्या सुमारास सायकलरिक्षांना बंदी होती. वाहतुकीला अडथळा तेच, असा समज होता. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रिक्षांच्या संख्येवरील मर्यादा रद्द केली. सप्टेंबर २०२१ मध्ये लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्या रूपात खुला झाला, तेव्हा चित्र पूर्ण उलटले होते. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव आणि रिक्षांना मुभा! ज्याला अडथळा ठरवले, तोच वाहक ठरला.

आज तेथे चालताना मात्र आनंदात खंड पडतो. बाजूच्या गल्ल्यांतून दुचाकी घुसतात, ई-रिक्षा बिनदिक्कत फिरतात, बसण्यासाठी केलेल्या जागांवर मालाचे गठ्ठे पडतात. कारण फार गूढ नाही. लाल दगडाची फरसबंदी हा एकदाचा भांडवली खर्च. त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बारा तास माणूस उभा करणे हा रोजचा खर्च. त्याची फीत कोण कापणार?

तो पैसा पार्किंगमधूनच येऊ शकतो. रस्त्यावरचा दर वाहनतळाच्या इमारतीतील दरापेक्षा चढा ठेवावा, वाढीव उत्पन्न त्याच बाजारपेठेतील पदपथ, दिवे, स्वच्छतागृहे आणि रखवालदारांवर खर्च करावे व त्याचा हिशेब दर महिन्याला चौकातील फलकावर लावावा. कॅनॉट प्लेसच्या व्यापाऱ्यांशी २०१७ मध्ये बोलणी झाली ती वाहनबंदीची. या हिशेबाचा प्रस्ताव घेऊन पालिकेने आता त्यांच्याकडे जायला हवे.