दारचा सोनचाफा

क्रांती चौकाकडून आमच्या गल्लींत येणाऱ्या नव्या पाहुण्याला आम्ही आतां घराचा क्रमांक सांगत नाहीं. 'सोनचाफ्याचें घर कोणतें, असें विचारा', एवढेंच सांगतों. ही ऐट मिरवावयास आम्हांला नऊ वर्षें लागलीं, आणि त्यांतलीं निदान सहा वर्षें केवळ आमच्या अज्ञानापायीं खर्ची पडलीं. हीच हौस पुष्कळ घरांतून दिसते व तिसऱ्या वर्षीं वाळलेल्या काठीच्या रूपानें अंगणाच्या कोपऱ्यांत उभी असते. म्हणून हा घरगुती अनुभव सांगण्याचें धाडस करीत आहें.

हौस मूळची आमच्या आईची. तिचें माहेर राजापूरकडचें. तेथें श्रावणांत देव्हारा सोनचाफ्यानें पिवळा होऊन जाई. लग्न होऊन ती ह्या शहरांत आली तेव्हां फुलें मिळूं लागलीं तीं झेंडूचीं आणि शेवंतीचीं. सासरची तक्रार तिनें उभ्या जन्मांत केली नाहीं; चाफ्याची मात्र दर श्रावणांत केली.

आपल्या भाषेनें चाफा हें नांव फार सढळ हातानें वाटलें आहे. देवळापुढचा पांढरा देवचाफा, ज्याला कोणी खुरचाफा म्हणतात, तो मूळचा अमेरिकेकडचा आणि कण्हेरीच्या कुळांतला. हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद. भुईचाफा हळदीच्या घराण्यांतला. नागचाफा उंडीचा आप्त. खरे सगोत्र दोनच, सोनचाफा व बुटका कवठी चाफा. ज्या वृक्षांना पाश्चात्य लोक मॅग्नोलिया म्हणतात, त्यांचेच हे आपल्या दारचे प्रतिनिधि. लिनीअसनें १७५३ मध्यें सोनचाफ्याला फ्लॉरेन्सच्या मिकेली नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून 'मिकेलिया' म्हटलें होतें. हल्लींचे शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलियांतच धरतात. नांवाचा उत्तरार्ध 'चंपाका' मात्र तेव्हांही आपला होता आणि आजही आपलाच आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोंवळें पान रेशमी टोपणांत गुंडाळलेलें असतें. तें टोपण गळालें म्हणजे फांदीभोवतीं बांगडीसारखा वण उरतो.

क्रांती चौक म्हणजे जुन्या लोकांचा काळा चबुतरा. १८५७ च्या उठावांत सामील झालेल्या शिपायांना येथें देहान्त शासन झालें, तेव्हां ह्या चौकाचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मातीकडे मात्र कोणी पाहत नाहीं. आमच्या आळींत फावडें मारलें कीं आधीं काळी चिकण माती, तींत चुनखडीचे पांढरे खडे, आणि दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. सोनचाफा हा सह्याद्रीच्या व पूर्व हिमालयाच्या ओलसर अरण्यांतला रहिवासी. त्याला किंचित् आंबट, पालापाचोळा कुजलेली, पाणी न तुंबणारी माती हवी. म्हणजे त्याला जें जें हवें, त्याच्या नेमकें उलट आमच्या अंगणांत होतें.

आम्हीं पहिलें रोप शहरांतल्याच एका रोपवाटिकेंतून 'कलम' म्हणून आणलें, दोन फुटांचा खड्डा खणून त्याच काळ्या मातींत लावलें आणि कूपनलिकेचें पाणी भरपूर घातलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत पानें पिवळीं पडलीं. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आम्ही समजलों, पाणी कमी पडलें. म्हणून आणखी घातलें! वस्तुतः जमिनींत लोह पुष्कळ असतें, परंतु चुन्यामुळें तें मुळांना घेतां येत नाहीं. कूपनलिकेच्या जड पाण्यानें तोच चुना आम्ही रोज वाढवीत होतों. शेतकी महाविद्यालयांत शिकलेल्या एका स्नेह्यानें हें समजावून दिलें, तेव्हां पावसाळ्याच्या तोंडीं रोप मुळांच्या गड्ड्यासह उचललें. विटांचा दीड फूट उंच ओटा बांधला, तळाशीं विटांचे तुकडे घातले आणि वर तांबडी माती, कुजलेला पाला व शेणखत समभाग भरलें. लोहाचें औषध दोनदां फवारलें. चार महिन्यांत नवी पालवी हिरवीगार आली.

पाण्यावरून घरांत जें झालें तें सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील. हें शहर पैठणजवळच्या जायकवाडीचें पाणी पितें, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांआड येण्याचा अनुभव येथील प्रत्येक गृहिणीनें घेतला आहे. अकरा माणसांच्या घरांत वासासाठीं वाढविलेल्या झाडाला गोडें पाणी द्यावें काय, हा प्रश्न धाकट्या बंधूंनीं जेवणाच्या पंक्तींतच काढला; आणि खरें सांगावयाचें तर तो अन्यायाचा नव्हता. त्यांनींच सुचविलें कीं पाणी गाळण्याच्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी वाहून जातें, तें झाडाला घालावें. तेंही करून पाहिलें. त्या पाण्यांत क्षार उलट अधिक सांठलेले असतात. पानांचीं टोकें करपलीं. शेवटीं वहिनींनीं वाद मिटविला. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें पाणी त्या एका बादलींत धरूं लागल्या, पावसाळ्यांत गच्चीचें पाणी पिंपांत उतरविलें आणि बुंध्याभोवतीं वाळलेल्या पाल्याचा वीतभर थर दिला. उन्हाळ्यांत दर तिसऱ्या दिवशीं दोन बादल्या पुरूं लागल्या.

झाड वाढलें, कळी मात्र दिसेना. चौथें वर्ष गेलें, सहावें गेलें. बंधूंची दृष्टि मोटार उभी करण्याच्या जागेवर होती. मग कोंकणांतून आलेल्या एका माळ्यानें बुंधा पाहून सांगितलें कीं हें कलमच नव्हे, बियांचें रोप आहे. बियांच्या सोनचाफ्याला फुलावयास आठ-दहा वर्षें सहज लागतात. खरें कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षींच फुलतें. घेतांना जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा आहे कीं नाहीं, हें बोट फिरवून पाहावें आणि सांध्याखालीं फुटणारे धुमारे खुडीत जावें. एवढी साधी गोष्ट आम्हीं शिकलेल्या मंडळींनीं विचारली नव्हती. कुडाळकडची 'वेलणकर' नांवाची जात त्यासाठींच नांवाजलेली आहे. तिचें एक कलम मागवून मोठ्या पिंपांत, सकाळचें ऊन लागेल असें लावलें. पुढच्याच श्रावणांत आईच्या देव्हाऱ्यावर तीन फुलें चढलीं. त्या दिवशीं ती फारसें बोलली नाहीं; पूजा मात्र नेहमींपेक्षां बरीच लांबली.

सोनचाफ्यावर हिरव्या अळ्या येतात, तेव्हां लगेच विषाची बाटली आणूं नये. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलें एक चपळ फुलपाखरूं त्यांतून निघतें. त्याच्या अळ्या सीताफळाचीं व हिरव्या अशोकाचींही पानें खातात. चार पानें गेल्यानें झाड मरत नाहीं. आमच्या पुतणीनें दोन अळ्या बरणींत पाळून तीं फुलपाखरें गच्चीवरून सोडलीं. भ्रमर चंपकाजवळ जात नाहीं असा संस्कृत कवींचा जुना आक्षेप आहे. त्याला शास्त्राचें उत्तर मोठें मौजेचें आहे. मॅग्नोलियाचें घराणें मधमाशांहूनही पुरातन, आणि त्याच्या फुलांची सेवा मुख्यतः भुंगेरे करीत आले आहेत. ज्यानें माशी जन्मण्यापूर्वींच संसार मांडला, त्यानें भ्रमराची वाट कां पाहावी?

बियांच्या झाडाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. नवव्या वर्षीं तें फुललें, पण वीस फूट उंच, शेंड्याशीं. छातीइतकें असतांना त्याचा शेंडा खुडावयास हवा होता. तें राहून गेलें. आतां काठीला आंकडी लावली तरी फूल हातीं येत नाहीं. पहाटे पाकळ्या आपोआप अंगणांत पडतात, गल्लीभर वास सुटतो, आणि बंधु मोटार बाहेर रस्त्यावर उभी करतात. त्या पाकळ्या वेंचून आई लुगड्यांच्या घड्यांत ठेवते. देवासाठीं ती पिंपांतल्या कलमाचींच फुलें खुडते. खालीं पडलेलें फूल देवाला चालत नाहीं, ती सवलत एकट्या पारिजातकाला आहे, असें तिचें म्हणणें.