शांबेरीचे हत्ती आणि कण्हेरखेडचा धडा

फ्रान्स देशाच्या आग्नेय भागांत, आल्प्स पर्वताच्या सान्निध्यांत, शांबेरी नांवाचें एक जुनें नगर आहे. तेथें 1838 सालीं उभारलेलें एक कारंजें असून चार दिशांस तोंडें केलेल्या चार हत्तींच्या सोंडांतून त्यांत पाणी पडतें. साप्पे नांवाच्या शिल्पकारानें हत्तींचा पुढचाच अर्धा भाग घडविला असल्यामुळें नगरवासी त्यांची थट्टाहि करितात. परंतु या हत्तींच्या वर, स्तंभाच्या माथ्यावर, ज्याचा पुतळा उभा आहे तो पुरुष कोणाच्या चाकरींत श्रीमंत झाला, हें सांगितलें तर सातारा जिल्ह्यांतील वाचकांस तें कारंजें एकदम जवळचें वाटूं लागेल. तो पुतळा जनरल डी बॉयन याचा. आणि त्याचे धनी म्हणजे कोरेगांव तालुक्यांतील कण्हेरखेडच्या पाटील घराण्याचे पुत्र महादजी शिंदे.

डी बॉयनचा जन्म 1751 सालचा. त्या वेळीं शांबेरी हें सार्डिनियाच्या राज्यांत होतें. फ्रान्समध्यें तें कायमचें आलें 1860 सालीं. तारुण्यांत फ्रान्सच्या व पुढें रशियाच्या फौजेंत चाकरी करून हा गृहस्थ हिंदुस्थानांत आला व 1784 सालीं महादजींच्या पदरीं राहिला. दोन पलटणींपासून आरंभ करून त्यानें तीन कंपूंपर्यंत मजल नेली. पाटण व मेडता येथील 1790 च्या लढाया याच कवाइती पायदळानें जिंकल्या. या यशाचें रहस्य केवळ कवाइतींत नव्हतें. दुआबांतील मुलूख फौजेच्या खर्चासाठीं तोडून दिलेला असल्यामुळें शिपायाचा पगार वेळेवर होत असे. आग्र्यास तोफांचा कारखाना होता. शिस्त, शस्त्र व वेतन या तिन्ही गोष्टी एका हातीं होत्या.

पण तो हात कोणाचा, हाच खरा प्रश्न आहे. शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतील, पैसा शिंद्यांचा, मुलूख शिंद्यांचा. मात्र हुकूम देणारा वर्ग युरोपीय. महादजी 1794 सालीं वानवडीस वारले. दोन वर्षांच्या आंत डी बॉयन आपली संपत्ति घेऊन स्वदेशीं जाण्यास निघाला व त्याच्या जागीं पेराँ हा फ्रेंच सरदार आला. पुढें 1803 सालीं इंग्रजांशीं युद्धास तोंड लागतांच काय झालें? पेराँनें चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. इंग्रजांनीं जाहीरनामा काढतांच ब्रिटिश वंशाचे अनेक अधिकारी शिंद्यांस सोडून गेले. अलीगडचा किल्ला पडला. तरीहि अधिकारी सोडून गेलेल्या त्याच पलटणी लासवाडीस अशा लढल्या कीं, शत्रूचा सेनापति लेक यासहि त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. शिपाई फितला नाहीं. विकत घेतलेलें नेतृत्व मात्र बाजार पालटतांच निघून गेलें.

मराठ्यांनीं गनिमी कावा सोडून परकी कवाईत उचलली म्हणून राज्य बुडालें, असें म्हणणारे लोक आजहि भेटतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. दोष विद्या घेण्यांत नव्हता. ती अर्धवट घेण्यांत होता. बुसीच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान गारदी हा याच भूमीचा पुरुष होता आणि पानिपतावर 1761 सालीं तो आपल्या धन्याच्या निशाणाखालीं शेवटपर्यंत उभा राहिला. परकी विद्या आणि स्वकीय निष्ठा एका ठायीं नांदूं शकतात, याचा याहून अधिक पुरावा कोणत्या न्यायासनास हवा? असे इब्राहिमखान शेंकड्यांनीं तयार करणारी एखादी शाळा आमच्या दरबारांनीं काढिली असती तर! जपाननेंहि 1872 सालीं फ्रेंच लष्करी शिक्षक आणिले. पण त्यांच्याकडून शिक्षकाचेंच काम घेतलें, सेनापतिपद त्यांस दिलें नाहीं. शिक्षक ठेवणें व मुखत्यार नेमणें यांतील भेद आम्हांस कळला नाहीं, हेंच आमच्या पराभवाचें एक मोठें कारण होय.

सुदैवानें स्वतंत्र भारतानें हा धडा कांहीं अंशीं गिरविला आहे. देशांतील पहिलें सैनिक स्कूल 1961 सालीं साताऱ्यासच निघालें, आणि येथील मुलें आतां हुकूम देणाऱ्या वर्गांत बसतात. तथापि प्रश्न संपलेला नाहीं. तो पलटणींतून यंत्रांत गेला आहे. फ्रान्सशीं 2016 सालीं झालेल्या करारानें छत्तीस राफेल विमानें आलीं, तीं तयार होऊनच आलीं. उलट फ्रेंच आराखड्याच्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या मुंबईच्या माझगांव गोदींत आमच्या कामगारांनीं बांधल्या. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा व अधिक वेळाचा, परंतु तोच शहाणपणाचा होय. तरी तेथेंहि आराखडा दुसऱ्याचाच, हें विसरतां कामा नये. वस्तूचें खरेदीखत झालें म्हणजे विद्येचें झालें, असें कोणताहि कायदा म्हणत नाहीं.

डी बॉयननें आपल्या कमाईचा मोठा भाग जन्मगांवच्या रुग्णांस, अनाथांस व धर्मादाय संस्थांस दिला. याबद्दल त्याचा हेवा करण्याचें कारण नाहीं. तो आपल्या मातीशीं इमानानें वागला. आमची तक्रार त्याच्याविरुद्ध नाहीं, आमच्याच आळसाविरुद्ध आहे. रयत शिक्षण संस्थेच्या रूपानें ‘कमवा व शिका’ हा मार्ग ज्या जिल्ह्यानें देशास दाखविला, त्यानें आतां आपल्या होतकरू मुलांस फ्रेंच भाषा शिकवावी, धातुशास्त्र व यंत्ररचना शिकवावी, त्यांस परदेशीं पाठवावें आणि परत आल्यावर त्यांच्या हातीं खरें काम सोंपवावें. कण्हेरखेडच्या पैशानें शांबेरीस एकदां हत्ती उभे राहिले, तेवढें पुरे.