एफवायचं पहिलं सेमिस्टर

बारावीला डोळ्यांसमोर एकच परीक्षा असते, बोर्डाची. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे जुलैत पुस्तक उघडलं नाही तरी दिवाळीनंतर भरून काढता येतं. एफवायला दिवाळी येईपर्यंत अर्धं वर्ष संपलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ज्युनिअर आणि सिनियर कॉलेज एकाच आवारात असतं, त्यामुळे मुलांना वाटतं काही बदललेलं नाही. हिशेब मात्र पार बदलतो.

रायगडची पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाखाली येतात. तिथे 2024-25 पासून पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. एका सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला 60 तास, आठवड्याला चार तासिका धरल्या तर पंधरा आठवडे. आता हे पंधरा आठवडे अलिबाग-मुरुडच्या पावसात बसवून बघा. रेड अलर्टला जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. मग गणपती. कोकणात त्या दिवसांत वर्गात कोण बसणार? उरलेल्या दिवसांत अभ्यासक्रम धावतच पुढे जातो.

हजेरीची अट 75 टक्के. 60 पैकी 15 तासिका बुडाल्या तरी चालतं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण रेवदंडा-चौलकडून येणाऱ्या मुलाची एसटी अलिबागला रोज पहिल्या तासिकेनंतर पोहोचत असेल, आणि त्या तासिकेला आठवड्यातून दोनदा एकच विषय असेल, तर सेमिस्टरअखेर त्या विषयाच्या 30 तासिका जातात. हजेरी 50 टक्के. मुलगा कॉलेजात रोज आलेला असतो, तरी नाव डिफॉल्टर यादीत. म्हणून वेळापत्रक लागलं की ते एसटीच्या वेळांशेजारी ठेवून वाचावं आणि अडचण पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावी. ऑक्टोबरात सांगितलेली एसटीची अडचण सबब वाटते.

दुसरी गोष्ट इंटर्नलची. कला-वाणिज्यला बारावीत 80 लेखी आणि 20 तोंडी किंवा प्रकल्पाचे, आणि ते 20 फारशी चिंता न करता मिळतात. इथे चार क्रेडिटच्या पेपरला 60 लेखी, 40 अंतर्गत. चाचणी, असाइनमेंट, सादरीकरण यांतून हे 40 जमतात, आणि यांची सूचना बहुधा नोटीस बोर्डावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदाच येते. माझ्या मते पहिल्या वर्षी मुलं घसरतात ती इथेच. लेखी पेपरची भीती घरादाराला असते, इंटर्नलची कुणालाच नसते.

एखादा विषय गेलाच तर केटी लागते, म्हणजे पुढच्या विषयांबरोबर मागचा पेपरही द्यायचा. त्याने आकाश कोसळत नाही. पण केटी साठू लागल्या की वर्ष अडतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी बी.ए.चे बरेच पेपर मराठीत लिहिता येतात हे लक्षात ठेवावं. उगीच इंग्रजीचा हट्ट धरून गुण घालवू नयेत.

मिळालेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. खातं डिजिलॉकरवरून उघडतं. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं धरली जातात, त्यामुळे घरच्या अडचणीने मध्येच थांबावं लागलं तरी केलेलं लगेच वाया जात नाही.

आता मुलींच्या पालकांसाठी एक. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. एफवायपासून विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात 66.67 टक्के सूट आहे, उरलेला तिसरा हिस्सा घरून जातो. कॉलेजचा खर्च मांडताना फीच्या शेजारी ही रक्कमही जूनमध्येच धरून ठेवा.